दर्या उघडण्याचा दिवस

श्रावणातल्या पौर्णिमेला महाराष्ट्रात एकाच दिवशी तीन वेगवेगळी कामे चालतात आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. मुंज झालेले पुरुष जानवे बदलतात, बहिणी भावांना राख्या बांधतात आणि डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर समुद्राला नारळ वाहिला जातो. पंचांगात तिन्ही गोष्टी एका ओळीत छापलेल्या असतात, म्हणून त्या एकाच धर्मविधीच्या तीन शाखा असाव्यात असा समज होतो. नारळी पौर्णिमेविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्यातही तिची ओळख वरुणाची पूजा एवढ्यावरच आटोपते. मला ही ओळख अपुरी वाटते. नारळी पौर्णिमा हा मुळात समुद्राच्या वापराचा कायदा आहे. वर्षातला ठरावीक काळ दर्या बंद ठेवायचा आणि उघडायचा तो सगळ्यांनी मिळून, एकाच दिवशी, असा तो कायदा. समुद्रावर कुंपण घालता येत नाही, पहारा बसवता येत नाही आणि कोण किती पुढे गेला हे किनाऱ्यावरून दिसतही नाही. अशा पाण्यावर नियम पाळला जायचा असेल तर तो प्रत्येकाच्या मनात आधीच रुजलेला असावा लागतो. सणाने ते काम केले. या सणाची भक्ती खोटी होती असे मी म्हणत नाही. ती खरी होती, म्हणूनच नियम टिकला.

आधी समुद्र बंद होतो म्हणजे काय होते ते पाहू. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात नैऋत्य मोसमी वारे कोकणाला येऊन भिडतात. अरबी समुद्रावर या वाऱ्यांचा जोर जून-जुलैत सर्वाधिक असतो आणि ते थेट किनाऱ्याकडे वाहतात. शिडाच्या होडीच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे: बाहेर पडताना वारा तोंडावर, आणि परत येताना तो होडी खडकावर नेऊन आपटणार. त्यामुळे या किनाऱ्याशी ज्यांचा ज्यांचा व्यवहार आला, त्या सगळ्यांनी हा काळ सोडून दिला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तकात कल्याण, सोपारा आणि चौल ही आपली बंदरे येतात. भारतात जायचे तर मिसरच्या बंदरांतून जुलैच्या सुमारास निघावे, असे हे पुस्तक सांगते. म्हणजे जहाज इकडे पोचेपर्यंत सप्टेंबर उजाडतो आणि वाऱ्याचा कडाका ओसरलेला असतो. पंधराव्या शतकातल्या अहमद इब्न माजिद या अरबी नाविकाच्या लेखनातही पश्चिम किनारा वर्षातले तीनेक महिने बंद असल्याचा हिशेब आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या प्रकरणात पावसाळी छावणीचा विचार स्वतंत्रपणे केला आहे. पाऊस लागण्याच्या आधीच जहाजे सुरक्षित बंदरात आणावीत, आणि दरवर्षी एकाच बंदरी छावणी करू नये, कारण त्याने गावच्या रयतेला उपद्रव होतो, असा त्याचा आशय आहे. ग्रीक व्यापारी, अरबी नाविक आणि मराठ्यांचा अमात्य यांना जोडणारे एकही धर्मशास्त्र नाही. त्यांना जोडतो तो वारा. आणि वाफेची इंजिने आल्यावरही या वाऱ्याने आपला हिशेब सोडला नाही. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली, तो महिना आषाढाचाच होता.

बंद काळात किनारा रिकामा बसत नसे. ज्येष्ठात होड्या ओढून वर घेत, भरतीची रेघ जिथे संपते त्याच्याही वर, आणि झावळ्यांच्या झापांनी त्यांना शाकारत. फळ्यांच्या सांध्यांमध्ये कापूस ठोकून भरायचा, तळाला चिकटलेली कालवे खरवडून काढायची, लाकडाला तेल पाजायचे, जाळी उसवून पुन्हा विणायची, ही कामे त्या अडीच-तीन महिन्यांची. पावसाळ्याआधीच्या आगोटीत सुके बोंबील, सोडे, जवळा घरात भरून ठेवलेला असे. तोच खायचा आणि त्यातलाच थोडा विकायचा. नाखवा आणि खलाशी यांचे देणेघेणे याच दिवसांत मिटे आणि पुढच्या मोसमासाठी खलाशांना उचल दिली जाई. श्रावण उजाडेपर्यंत सुक्या मासळीचा तळ दिसू लागे आणि हातातला पैसा संपत येई. दर्या उघडण्याच्या दिवसाचा आनंद समजून घ्यायचा तर हा रिता झालेला डबा आधी डोळ्यांपुढे आणायला हवा. मिरवणुकीतले लुगडी-दागिने, होड्यांवरच्या पताका, नारळीभात आणि करंज्या यांच्यामागे अडीच महिन्यांची ओढाताण उभी असते. तसेच मोहाचेही आहे. जुलैच्या शेवटी चार दिवस उघडीप पडली, समुद्र जरा निवळला आणि घरात काही उरले नाही, की एखाद्या नाखव्याच्या मनात येणारच की आज जाऊन पाहू. तो गेला आणि भरलेली होडी घेऊन परत आला, तर दुसऱ्या दिवशी दहा होड्या जातील, त्याच्या पुढच्या दिवशी पन्नास, आणि त्यातली एखादी परत येणार नाही. सगळ्यांनी थांबायचे म्हणजे पहिल्याने थांबायला हवे. त्यासाठी हवामानाचा अंदाज पुरत नाही, ठरलेला दिवस लागतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो दुबळा नाही. श्रावणी पौर्णिमा शास्त्रात फार जुनी आहे, गृह्यसूत्रांपासून तिचे महत्त्व सांगितले आहे, मग किनाऱ्यावरचा विधी त्याच मुळातून फुटला असे का मानू नये? याचे उत्तर त्या जुन्या विधींकडे नीट पाहिले की मिळते. गृह्यसूत्रांतली श्रावणी जमिनीची आणि पावसाची आहे. वनस्पती उगवून आल्या की वेदाध्ययनाचे सत्र सुरू करायचे, ते उपाकर्म. आणि पावसात बिळांतून बाहेर पडणाऱ्या सापांना बळी अर्पण करायचा, तो सर्पबली. या दोन्हींत पाऊस सुरू झाल्याची खूण आहे. नारळी पौर्णिमेत पाऊस ओसरू लागल्याची आहे. एकच तिथी एका ठिकाणी पावसाळ्याचा आरंभ दाखवते आणि दुसऱ्या ठिकाणी त्याची उतरण, हे कसे? काही अंशी प्रदेशाचा फरक आहे, पण काही अंशी काळाचाही आहे. आपली पंचांगे नक्षत्रांवर चालतात आणि ऋतू सूर्याच्या अयनांवर. या दोहोंत साधारण 72 वर्षांत एक दिवसाचा फरक पडत जातो. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी हा फरक शून्य होता. आज तो चोवीस अंशांच्या आसपास पोचला आहे. याचा अर्थ, त्या काळी श्रावणी पौर्णिमा ऋतूच्या मानाने आजच्यापेक्षा तीन आठवड्यांहून अधिक आधी पडत असे, म्हणजे आजच्या तारखांत जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. त्या दिवसांत दर्यात होडी लोटणे हा आत्मघात होता. शिवकाळापर्यंत हा फरक पाचेक दिवसांवर आला होता. यावरून मला असे दिसते की श्रावणी पौर्णिमा ही तिथी जुनी आहे, पण दर्या उघडण्याशी तिची गाठ पडली ती त्या मानाने अलीकडे, ती तिथी सरकत सरकत योग्य ऋतूत आल्यावर. कोणत्या शतकात पडली हे या गणिताने सांगता येणार नाही. पण वेदकाळापासून चालत आलेला समुद्रपूजनाचा दिवस, हे वाक्य मात्र ते टिकू देत नाही.

पुढच्या काळातल्या धर्मनिबंधांतूनही हेच दिसते. ‘निर्णयसिंधु’, ‘धर्मसिंधु’ यांसारख्या ग्रंथांची या पौर्णिमेवरची मेहनत उपाकर्म कोणत्या वेदशाखेने कधी करावे, ग्रहण-संक्रांत आली तर काय करावे, भद्रेत राखी का बांधू नये, अशा प्रश्नांवर झालेली आहे. किनाऱ्यावर होडी कधी लोटायची याचा निर्णय शास्त्र्यांकडे मागितला गेला नाही, तो कोळीवाड्यातच झाला. समुद्रात नारळ सोडतात ते बहुतेक ठिकाणी जमातीचे पाटील, पंच आणि वडीलधारी. वरळीच्या कोळीवाड्यात गोल्फादेवीचा कौल घ्यायची रीत आहे. कार्ल्याच्या एकवीरेला साऱ्या किनाऱ्यावरून कोळी जातात. ज्याला नारळ वाहायचा तो दर्या तर कोळ्यांच्या बोलण्यात राजाच असतो. पोथीतला वरुण या सगळ्यात आहे, त्याला कोणी नाकारत नाही, पण त्याच्या नावाने दिवस ठरलेला नाही.

आणि तिथी शास्त्राने ठरवली असती तर ती दोन्ही किनाऱ्यांवर एकच असती. ओडिशात समुद्रप्रवासाच्या आरंभाची पौर्णिमा कार्तिकातली आहे. त्या पहाटे लोक केळीच्या सोपाच्या, कागदाच्या छोट्या नावा दिवे लावून पाण्यात सोडतात. त्या विधीला बोइत बंदाण म्हणतात आणि कटकला महानदीच्या काठी त्याच दिवसांत बालीयात्रेची मोठी जत्रा भरते. कलिंगाचे व्यापारी आग्नेय आशियाकडे निघत त्याची ही आठवण. त्यांना कार्तिक का लागतो? कारण बंगालच्या उपसागरात दक्षिणेकडे जायला ईशान्येचा वारा हवा, आणि तो कार्तिकाच्या सुमारास स्थिरावतो. ओडिशातही श्रावणी पौर्णिमा पाळतात, तिथे ती गम्हा पौर्णिमा आहे, पण तिचा मान गाईबैलांचा. धर्म एक, पंचांगाची रीत जवळपास एक, समुद्राला साकडे घालण्याची कल्पनाही एक. महिना मात्र ज्या त्या किनाऱ्याच्या वाऱ्याने निवडला. आपल्या घाटमाथ्यावरही याचा पडताळा मिळतो. देशावर आषाढी एकादशीला सुरू झालेला चातुर्मास कार्तिकापर्यंत चालतो, आणि स्वारीशिकारीची माणसे बाहेर पडत ती दसऱ्याला सीमोल्लंघन करून. नद्यांना उतार मिळावा, वाटांचा चिखल वाळावा, घोड्यांना वैरण व्हावी, यासाठी तेवढे थांबणे भाग होते. किनारा मात्र चातुर्मास अर्धाही झालेला नसताना मोकळा होतो, कारण होडीला चिखलाचे भय नाही, तिचे वैर वाऱ्याशी. मराठी मुलखाला वर्षातून दोन सीमोल्लंघने होती, एक जमिनीचे आणि एक पाण्याचे. पहिल्याला इतिहासात मान मिळाला. दुसऱ्याकडे कोळ्यांचा सण म्हणून पाहिले गेले आणि तिथेच त्याचा अर्थ आखडला.

आता प्रश्न उरतो तो पौर्णिमेचा. वाराच पाहायचा तर श्रावण संपताना एखादा साधा दिवस चालला असता. उलट पौर्णिमेला समुद्राला उधाण असते, भरती सर्वांत उंच चढते. घाबरणाऱ्याने हा दिवस टाळायला हवा. सगळे शुभकार्य पौर्णिमेला करायचे ही हिंदूंची सवय, एवढे सांगून हा प्रश्न मिटवता येतो, पण किनाऱ्यावरच्या कामाची रीत पाहिली तर त्याहून चांगले उत्तर सापडते. कोळ्याचे घड्याळ तिथीचे असते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरती पूर्ण होण्याची वेळ निघते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या जवळपास. पौर्णिमेला दुपारी भरती पूर्ण होते आणि मग संध्याकाळपर्यंत पाणी बाहेर ओढत राहते. वर ओढून ठेवलेली जड होडी उधाणाच्या भरतीतच सहज तरंगते. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत पाणी तिच्यापर्यंत पोचतच नाही. दुपारनंतर सोडलेला नारळही ओहोटी आत घेऊन जाते, किनाऱ्यावर परत आणून टाकत नाही. यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट जाळ्याची. मुंबईपासून उत्तरेकडे डहाणूपर्यंत बोंबील आणि जवळ्यासाठी डोल जाळे वापरतात. ही एक लांबलचक पिशवी असते, समुद्राच्या तळात ठोकलेल्या खुंटांना बांधलेली, तोंड प्रवाहाकडे करून. होडी या जाळ्याला ओढत नाही. पाण्याचा ओघ मासळी आणून त्यात भरतो. ओघ जितका जोरदार तितकी पिशवी भरते, आणि ओघाला जोर असतो उधाणाच्या दिवसांत. डोलीच्या मासेमारीचे चांगले दिवस पौर्णिमा आणि अमावास्येच्या आजूबाजूलाच येतात. जो दिवस जमिनीवरच्या माणसाला सर्वांत भीतिदायक वाटतो, तो डोलकराला कामाला लागण्याचा दिवस असतो. पौर्णिमेची निवड मला म्हणूनच धंद्याच्या ज्ञानातून आलेली दिसते, आणि पंचांगातले तिचे पावित्र्य त्या ज्ञानाला येऊन मिळालेले.

हा कायदा केवळ मासेमारांचा नव्हता, हे मालवणात स्पष्ट दिसते. तिथे नारळी पौर्णिमेला बंदरावर नारळ वाहण्यात व्यापाऱ्यांचा मान असतो, आणि त्याआधी सिंधुदुर्ग किल्ल्यावरून नारळ अर्पण होतो. हा क्रम शिवाजी महाराजांच्या वेळेपासूनचा आहे, असे परंपरा सांगते. किल्ल्याची पायाभरणी 1664 सालची. परंपरेचा हा दावा कागदावर सिद्ध झाला नाही तरी क्रमातला अर्थ पुरेसा बोलका आहे: आधी सत्ता, मग व्यापार. गलबते, मचवे, पडाव, फत्तेमाऱ्या यांच्यातून नारळ, सुपारी, मीठ, तांदूळ, कौले, लाकूड यांची ने-आण चालायची. ती सारी या दिवसाची वाट पाहत थांबलेली असे. मुंबईतले इंग्रज या दिवसाला ‘कोकोनट डे’ म्हणत, आणि गुजरातच्या किनाऱ्यावर खारवा लोक त्याच दिवशी त्याच कारणाने नारळ वाहतात. मालवणात संध्याकाळी नारळ लढवण्याचे डाव रंगतात, दोघांनी एकमेकांच्या नारळावर नारळ आपटायचा आणि ज्याचा फुटला तो हरला. सत्ता, सावकार आणि नाखवा यांना एकाच दिवशी एकाच धक्क्यावर आणणारा दुसरा सण कोकणात माझ्या तरी पाहण्यात नाही. कोळीवाड्यांपुरते बोलायचे तर या नियमामागे जमातीची सत्ता उभी होती. समुद्रात डोलीचे खुंट ठोकायची जागा कोणाची, दोन नाखव्यांच्या भांडणात चूक कोणाची, दंड किती, हे जमातीत ठरे. नारळ पडण्याआधी होडी लोटणाऱ्याला दर्याच्या कोपाची भीती होतीच, पण त्याहून जवळची भीती चार लोकांच्या तोंडाची होती. या दोन भीतींत फरक करायची गरज त्या माणसांना पडली नाही.

दुसरा आक्षेप हवामानाचा जाणकार घेईल. पौर्णिमेनंतर समुद्र शांत होतो हे तितकेसे खरे नाही. 11 नोव्हेंबर 1927 रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी कोकण किनाऱ्यावर वादळात बुडाल्या. 2009 साली नेमक्या त्याच तारखेला ‘फयान’ चक्रीवादळ कोकणावर आदळले आणि कितीतरी मच्छीमार समुद्रातून परतले नाहीत. शिवाय पौर्णिमा एका जागी राहत नाही. 2020 साली ती 3 ऑगस्टला होती. 2023 साली अधिक श्रावण आल्यामुळे 30 ऑगस्टला गेली. ज्या तारखेत सत्तावीस दिवसांचा फरक पडू शकतो, तिला ऋतूची खूण कसे म्हणायचे? यातला पहिला भाग मी मान्य करतो. नारळ वाहिल्याने चक्रीवादळे थांबत नाहीत, आणि जुन्या माणसांनाही तसा भ्रम नव्हता. दिवाळीच्या आगेमागे येणाऱ्या तुफानांची आठवण किनाऱ्यावर पिढ्यानुपिढ्या आहे. पण पावसाळी वारा आणि चक्रीवादळ हे दोन वेगळे धोके आहेत. पहिला रोजचा आहे, त्याच्याविषयी नियम करता येतो. दुसरा अवचित येतो, त्याच्यावर नियम चालत नाही, लक्षणे ओळखण्याची नजर लागते. दुसऱ्या भागाचे उत्तर आकड्यांतच आहे. पौर्णिमा पुढेमागे झाली तरी ती ऑगस्टच्या बाहेर जात नाही, आणि वाऱ्याची उतरण सुरू होते ती याच महिन्यात. अधिक मास तिला जुलैत घसरू देत नाही. लवकरात लवकरची पौर्णिमा घेतली तरी आषाढाचा जोर सरलेला असतो. एखाद्या वर्षी नियम गरजेपेक्षा अधिक थांबवतो, हे खरे. जीवाच्या बाबतीत अशी चूक परवडते, उलटी परवडत नाही.

तिसरा आक्षेप माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे, कारण तो या सणाच्या चाहत्यांच्या आवडत्या विधानावर येतो. पावसाळ्यात मासे अंडी घालतात, त्यांची वाढ व्हावी म्हणून पूर्वजांनी मासेमारी बंद ठेवली, असे आज सर्रास सांगितले जाते. तसा हेतू असल्याचा पुरावा कुठे आहे? माझ्या मते हेतू तो नव्हता. शिडाच्या होड्यांना जाता येत नव्हते म्हणून त्या थांबल्या, आणि मासळीला उसंत मिळाली हे त्याचे फळ. ज्यांना जाता येत होते ते गेले: खाडीत, नदीच्या मुखाशी, गुडघाभर पाण्यात पावसाळाभर मासे धरलेच जात. पूर्वजांना नसलेल्या विचाराचे श्रेय देण्याने त्यांचा मान वाढत नाही. पण हेतू नसला म्हणून परिणाम नाहीसा होत नाही. अनेक जातींची मासळी या महिन्यांच्या आसपास विते, आणि कोवळ्या मासळीला वाढायला अवधी मिळाला तर मोसमात हाती येणारा मासा मोठा असतो. जोवर होडी शिडाची होती तोवर हेतू आणि परिणाम वेगळे करायची वेळ आली नाही. वारा दोन्ही कामे करत होता. स्वातंत्र्यानंतर होड्यांना इंजिने बसली, मग ट्रॉलर आले, पर्ससीन जाळी आली, आणि वाऱ्याने लादलेली बंदी उठली. जुलैत जाणे धोक्याचे राहिले, पण अशक्य राहिले नाही. जो नियम भीती आणि श्रद्धा यांच्या जोरावर उभा होता, त्यातली भीती पातळ झाली. ज्यांच्या ट्रॉलरचा मालक किनाऱ्यावर राहतच नाही, त्यांच्यावर जमातीच्या तोंडाचाही धाक उरला नाही. सणाचा कायदा दुबळा झाला तो इथे, आणि सरकारी कायद्याची गरज लागली तीही इथेच.

महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 सालचा. पुढे त्याखाली यांत्रिक नौकांना पावसाळी बंदी लागू झाली, तिची मुदत होती 10 जून ते 15 ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत. सरकारी आदेशात तिथी यावी, आणि एका लोकशाही राज्याने किनाऱ्यावरच्या जुन्या रीतीला आपल्या शेजारी बसवावे, हे मला फार शहाणपणाचे वाटते. त्यात श्रद्धेला शरण जाण्याचा प्रकार नव्हता. जो दिवस लोक आपणहून पाळतात तोच कायद्याने घेतला तर अर्धी अंमलबजावणी फुकट होते. पुढे सगळ्या पश्चिम किनाऱ्याला एकच मुदत असावी म्हणून 2015 पासून 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची बंदी ठरली आणि तिथी गळून पडली. एकसारखेपणाचा मुद्दा चुकीचा नाही. शेजारच्या राज्याचे ट्रॉलर आधी सुटले तर आपल्या मासेमाराने थांबून काय मिळवायचे? पण 1 ऑगस्टला समुद्र अनेकदा खवळलेलाच असतो आणि मोसमाच्या पहिल्याच दिवसांत खराब हवामानाच्या इशाऱ्यामुळे होड्या धक्क्याला बांधून ठेवाव्या लागतात. 2023 साली 1 ऑगस्टलाही पौर्णिमाच होती, पण ती अधिक महिन्यातली. नारळ वाहूनच निघायचे असे ठरवणाऱ्या नाखव्याला त्या वर्षी आणखी महिनाभर थांबावे लागणार होते, आणि तेवढ्या काळात ट्रॉलर दर्या खरवडत राहणार होते. श्रद्धा पाळणाऱ्याला दंड आणि न पाळणाऱ्याला बक्षीस, अशी ही मांडणी झाली. पुष्कळांनी मग होडी आधी लोटली आणि नारळ मागाहून वाहिला. त्यांना दोष देण्याचा अधिकार पोट भरलेल्या माणसाला नाही.

बंदी 15 ऑगस्टपर्यंत वाढवा, अशी मागणी महाराष्ट्रातल्या मच्छीमार संघटना अनेक वर्षे करत आल्या आहेत. गुजरातने अलीकडे आपली मुदत तिथवर नेलीही. या मागणीला कोणी भावनिक म्हणू नये. 2023 मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा म्हणून घोषित केले, ते त्याची संख्या घटत असल्याची काळजी वाटली म्हणून. आणि सातपाटीसारखी गावे तर याच मासळीवर उभी राहिली. कोवळे पापलेट जाळ्यात येण्याचे मोठे कारण मोसम लवकर उघडणे हे आहे, असे तिथले मासेमार स्वतः सांगतात. ज्यांचे पोट मासेमारीवर आहे तेच मासेमारीचे दिवस कमी करा म्हणतात, तेव्हा त्यांचे ऐकायला हवे. अर्थात सगळी पश्चिम किनारपट्टी श्रावणाच्या तिथीवर चालणार नाही. केरळचा समुद्र वेगळा, तिथला पंचांगी महिना वेगळा, आणि वसईपासून उत्तनपर्यंतच्या ख्रिस्ती कोळ्यांचा सण वेगळा, जरी होडी त्याच वाऱ्यात अडकते. तारीखच हवी असेल तर 15 ऑगस्ट ही पौर्णिमेच्या फिरत्या मुदतीच्या मधोमध पडते. मासेमारांनी नेमकी तीच मागावी यात मला जुन्या हिशेबाची खूण दिसते. खुल्या समुद्रात केंद्राची सत्ता, किनाऱ्याजवळच्या पाण्यात राज्याची. दोन्हीकडे मुदत ठरवताना जमातीच्या आणि सोसायट्यांच्या माणसांना टेबलाशी बसवले, तर दर्या उघडण्याचा दिवस आणि नारळ वाहण्याचा दिवस पुन्हा आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतरात येतील. आज वरळीला, वेसाव्याला, मढला मिरवणुका पूर्वीपेक्षा मोठ्या निघतात, सोनेरी कागदाचा नारळ ट्रॅक्टरवर उभा राहील एवढा थोराड होतो, पुढारी हार घालतात. जमातीचे पंच त्या नारळाच्या पुढे चालतात; होडी कोणत्या दिवशी लोटायची हे ठरवताना मात्र त्यांना अजून कोणी विचारत नाही.